हळदीची कॅप्सूल आणि स्तनाचा कर्करोग

साठी ओलांडलेल्या स्त्रियांची औषधांची पिशवी उघडली, की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर हल्ली एखादी तरी निराळी डबी निघतेच. कधी ती हळदीच्या अर्काची असते, कधी गुळवेलीची, अश्वगंधेची किंवा हिरव्या चहाच्या अर्काची. ‘शेजारणीला स्तनाचा कर्करोग निघाला, म्हणून मीही सुरू केली,’ असे कारण सांगितले जाते. ही भीती रास्त आहे. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०२० या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ७८ हजार स्त्रियांना तो झाल्याचा अंदाज आहे. प्रश्न इतकाच, की ती डबी आपले रक्षण करते काय?

बशीतील पेशी आणि माणसाचे शरीर

प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर हळदीतील कर्क्युमिन टाकले असता त्यांची वाढ मंदावते, हे खरे आहे. जाहिराती याच निष्कर्षावर उभ्या असतात. मात्र तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते, त्याचे यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकते. बशीतल्या पेशींना मिळणारी मात्रा स्तनापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून अनेक कॅप्सूलांत मिऱ्यांमधील पायपरीन मिसळलेले असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात पायपरीनमुळे माणसांत कर्क्युमिनचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढल्याचे दिसले. पण यकृताचे काम मंदावणारे हे पायपरीन इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढवू शकते. वनस्पतीजन्य पूरक घेतल्याने स्तनाचा कर्करोग टळतो, असे माणसांवरील भरवशाच्या अभ्यासांत आजवर सिद्ध झालेले नाही.

कर्करोग टळेल किंवा बरा होईल, अशी औषधाची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळेच डब्यांवर ‘पेशींचे आरोग्य’, ‘प्रतिकारशक्ती’ असे मोघम शब्द आढळतात.

गाजर वेगळे, गोळी वेगळी

भाज्याफळांतील एखादा घटक वेचून त्याची गोळी केली, की तो अधिक गुणकारी होतो, ही समजूत एकदा महागात पडली आहे. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवरील एका अभ्यासात गोळीच्या रूपात तपासले गेले. १९९४ साली निष्कर्ष आले. ही गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी झाला नाहीच, उलट तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

वनस्पती कर्करोगावर कामाच्या नाहीत, असे मात्र मुळीच नाही. स्तनाच्या कर्करोगात सलाइनमधून दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू नावाच्या वृक्षाच्या सालीत सापडले. आपल्या अंगणातल्या सदाफुलीनेही रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन दिले. पण या द्रव्यांची मात्रा ठरली, त्यांचे दुष्परिणाम नोंदले गेले आणि रुग्णांवर कसून चाचण्या झाल्या, तेव्हाच ती औषधे झाली. सदाफुलीची पाने चावून हा लाभ होत नाही. ती विषारी आहेत.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसा होईल?’

आमटीतली चिमूटभर हळद किंवा रात्रीचे हळदीचे दूध याविषयी काहीच तक्रार नाही. तीव्र अर्क ही निराळी गोष्ट आहे. हळदीच्या आणि हिरव्या चहाच्या अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची माहिती प्रसिद्ध केली. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. पण बाजारातल्या चूर्णात नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला तरी कोठे ठाऊक असते?

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास, शस्त्रक्रिया ठरली असल्यास किंवा कर्करोगाचे उपचार चालू असल्यास कोणतेही पूरक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या टाळाव्यात. आहारातल्या बेताच्या सोयाबीनला हरकत नाही.

खरी हानी उशिराची

सर्वांत मोठी हानी मात्र खोट्या निर्धास्तपणाची असते. ‘मी रोज कॅप्सूल घेते आहे, ही गाठ साधीच असणार,’ असे मनाला समजावत महिने निघून जातात. ही गाठ सहसा दुखत नाही, म्हणून ती लपवणे सोपे जाते. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया तर संकोचाने सुनेलाही सांगत नाहीत.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या जणींची स्तनतपासणी प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. वीस वर्षांच्या अखेरीस, पन्नाशी ओलांडलेल्या गटात तपासणी झालेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. कोणत्याही कॅप्सूलच्या नावावर असा पुरावा नाही.

घरी काय करावे?

• स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळगा किंवा सुरकुती, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव किंवा न भरणारी जखम दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.
• अंथरुणाला खिळलेल्या आईला वा सासूबाईंना आंघोळ घालणाऱ्या व्यक्तीने स्तन आणि काख यांकडे लक्ष द्यावे.
• वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि मॅमोग्राफीची गरज त्यांना विचारावी. आई, बहीण किंवा मुलीला हा रोग झाला असल्यास ते आवर्जून सांगावे.
• पाळी गेल्यानंतर शरीरातील चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होते. म्हणून वजन आटोक्यात ठेवावे, झेपेल तसे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे आणि मद्य टाळावे.
• पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या डब्या, चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. त्या पाहून रागावण्याचे कारण कोणत्याही डॉक्टरला नाही. त्या न दिसल्या, तर मात्र उपचारात चूक होऊ शकते.