संगणकाचा डोळा आणि सर्वांची भाषा

झाशी शहरातील नगरा या वस्तीजवळ रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना आहे. तेथून बाहेर पडलेली वाघीण मुंबईस जावो वा कोलकात्यास, तिला अडचण पडत नाही. कारण त्या मार्गांवर दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असेच ठरलेले आहे. परंतु झाशीहून सुमारे शंभर किलोमीटरवरील ग्वाल्हेर येथे शिंदे संस्थानाने जी लहान गाडी सुरू केली, तिच्या रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर होते. ही गाडी २०२० पर्यंत धावत होती. मोठ्या मार्गावरील वाघीण तिच्या रुळांवर चढू शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. दोष वाघिणीचाही नव्हता आणि रुळांचाही नव्हता. दोहोंचे माप जुळत नव्हते, इतकेच.

लॅपटॉपच्या पडद्यावरील चौकटीत बसविलेल्या चिमुकल्या कॅमेऱ्याची कथा अशीच आहे. लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली होय. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते व सुधारता येते. ती संगणकावर घातली असता कळफलक, पडदा, ध्वनी ही सर्व अंगे चालू होत, परंतु कॅमेरा मात्र आंधळा राही, असा अनुभव पूर्वी पुष्कळांना येत असे. असे का व्हावे?

कॅमेरा पाठवितो ती चित्रे नव्हेत, तर आकड्यांचा ओघ असतो. ६४० बिंदू रुंद व ४८० बिंदू उंच अशा चित्रात ३,०७,२०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट लागतात आणि सेकंदास तीस चित्रे पाठवावयाची असतात, असे धरल्यास दर सेकंदास सुमारे १ कोटी ८४ लाख बाइट वाहू लागतात. हा ओघ कोणत्या क्रमाने येतो, उजेड कमीअधिक करण्याची आज्ञा कशी द्यावयाची, हे जाणणाऱ्या आज्ञावलीस 'ड्रायव्हर' म्हणतात. ती कॅमेरा आणि कार्यप्रणाली यांमधील दुभाषी होय.

पूर्वी प्रत्येक कारखानदाराच्या कॅमेऱ्याची भाषा निराळी असे, आणि ती बहुधा गुप्त ठेवली जाई. लिनक्सच्या अभ्यासकांना कॅमेऱ्याचे बोलणे चोरून ऐकावे, त्याप्रमाणे तारेतून जाणारे संकेत नोंदवून अर्थ लावावा लागे. फ्रान्समधील मिशेल झार्ड यांनी २००७ पर्यंत अशा सुमारे २३५ प्रकारच्या कॅमेऱ्यांसाठी दुभाषी आज्ञावली सिद्ध केली होती. श्रम थोर खरे. परंतु कॅमेऱ्याचा नवा प्रकार निघाला की तेच काम पुन्हा आरंभावे लागे.

यावरचा उपाय रुळांच्या मापासारखाच निघाला. २००३ साली 'यूएसबी व्हिडिओ क्लास' या नावाचे सामाईक नियम प्रसिद्ध झाले. ते पाळणारा कॅमेरा, आपण १४ क्रमांकाच्या वर्गातील आहोत, असे संगणकास आरंभीच कळवितो. पुढील संभाषण सर्वांना ठाऊक असलेल्या भाषेत चालते. लॉराँ पँशार यांनी या भाषेसाठी रचलेला ड्रायव्हर जुलै २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीत समाविष्ट झाला, आणि एकच दुभाषी असंख्य कॅमेऱ्यांना पुरेसा ठरला.

तरीही कॅमेरा चालला नाही, तर शोध क्रमाने घ्यावा. प्रथम कॅमेऱ्यावरील झडप आणि कळफलकावरील त्याची कळ पाहावी. नंतर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. तिने जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. यादीत कॅमेरा नसेल, तर तो बंद आहे, त्याची तार सैल आहे, किंवा तो यूएसबीचा नाहीच. यादीत आहे, परंतु 'डेव्ह' या संचिकेत 'व्हिडिओ०' हे नाव नाही, तर बहुधा दुभाषी हजर नाही. नावही आहे आणि चित्र मात्र नाही, तर दुसऱ्या कार्यक्रमाने कॅमेरा अडवून ठेवला असेल, अथवा वापरणाऱ्यास परवानगी नसेल. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात.

प्रश्न कायमचा मिटला, असे मात्र नाही. २०२२ च्या सुमारास निघालेल्या काही लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीस न जोडता थेट संस्कारकाच्या चित्रविभागास जोडलेला असतो. तेथे सामाईक भाषा नव्हती. त्यामुळे नवे, महागडे यंत्रही लिनक्सखाली आंधळे ठरले. त्याच्या ड्रायव्हरचा एक महत्त्वाचा भाग जुलै २०२४ मध्ये ६.१० या आवृत्तीत आला, आणि 'लिबकॅमेरा' या प्रकल्पात उरलेल्या कामाची भर पडत आहे.

यात शाळांचा व ग्रंथालयांचा संबंध कोठे येतो? विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुने परंतु धडधाकट संगणक टाकून द्यावयाचे, की लिनक्स घालून पुन्हा कामास लावावयाचे, हा निर्णय अनेक संस्थांपुढे आहे. ज्या यंत्राची भाषा प्रसिद्ध आहे, त्यास कारखानदाराने सोडून दिले तरी दुसरा कोणी शिकवू शकतो. जिची भाषा गुप्त आहे, ते यंत्र मालकाच्या घरात असूनही परक्याच्या मर्जीवर जगते. संगणक विकत घेताना किमतीबरोबर हाही प्रश्न विचारणे शहाणपणाचे आहे.