सहाबारीच्या काडतुसाची ताकद

शस्त्रांची मारक शक्ती काळाबरोबर चढत्या भाजणीने वाढत जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सहाबारी पिस्तूल, म्हणजेच रिव्हॉल्वर, आणि त्याचे काडतूस यांचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. ही शक्ती कधी वाढली, कधी घटली आणि कधी जाणूनबुजून कमी करण्यात आली. प्रत्येक वेळी तिला तीन गोष्टींनी बांधून ठेवले : दारूचा गुण, पोलादाचा कस आणि माणसाच्या मनगटाचे बळ.

अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने आपल्या रिव्हॉल्वरचे पेटंट १८३६ साली घेतले. १८४७ साली त्याने कॅप्टन वॉकर यांच्या सूचनेवरून जे .४४ बोअरचे रिव्हॉल्वर बनविले, त्याचे वजन सुमारे दोन किलो होते. त्याच्या चक्रातील प्रत्येक घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम, काळी दारू मावत असे. एवढी दारू पेलण्याइतके पोलाद त्या काळी निर्दोष बनत नव्हते. त्यामुळे काही रिव्हॉल्वरांची चक्रे बार उडताना फुटली. पुढील नमुन्यांत घरांची खोली कमी करण्यात आली. तरीही कारखान्यातून निघालेल्या कोणत्याही रिव्हॉल्वरला १९३५ सालापर्यंत या वॉकर नमुन्याच्या ताकदीवर मात करता आली नाही, असे मानले जाते.

याचे कारण काळ्या दारूच्या स्वभावात आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण जळाले की निम्म्याहून अधिक भाग काजळी व राख होऊन मागे राहतो. उरलेल्याचाच वायू होऊन गोळीला ढकलतो. तेव्हा ताकद हवी असेल तर दारू अधिक भरणे आणि पुंगळी मोठी करणे एवढाच उपाय होता. १८७३ सालचे .४५ कोल्ट काडतूस आकाराने एवढे मोठे का, याचे उत्तर हेच.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू सिद्ध केली. ती जवळजवळ संपूर्णपणे वायुरूप होते, म्हणून थोडी पुरते. परंतु हाती आलेले बळ लगेच वापरता येईना, कारण लोकांच्या घरी जुनीच रिव्हॉल्वरे होती. १८९८ च्या सुमारास निघालेले .३८ स्पेशल काडतूस आरंभी काळ्या दारूसाठी आखलेले होते. त्यात नवी दारू आली तेव्हा पुंगळीचा बराचसा भाग रिकामाच राहिला.

इंग्रजांनी तर उलट दिशा धरली. १८८७ पासून त्यांच्या सैन्यात .४५५ वेब्ली रिव्हॉल्वर होते. त्याची गोळी १७ ग्रॅमची, जड आणि मंदगती होती. पहिल्या महायुद्धानंतर, नवशिक्या सैनिकाला एवढे जड हत्यार नीट चालविता येत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि १९३२ साली हलके .३८ एनफील्ड स्वीकारण्यात आले. त्याची ताकद कमी होती. पण नेम चुकलेल्या जोरदार गोळीपेक्षा नेमकी लागलेली सौम्य गोळी बरी, हा त्यामागील विचार होता.

१९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी .३५७ मॅग्नम काडतूस बाजारात आणले. गोळी .३८ स्पेशलच्याच जाडीची आणि १५८ ग्रेन वजनाची. परंतु वेग सेकंदाला सुमारे ४६० मीटर, म्हणजे जुन्या काडतुसाच्या दुप्पट. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती चौपट झाली. आजच्या तक्त्यांत याच काडतुसाचा वेग ३७५ मीटरच्या आसपास दिसतो. काही कारखान्यांनी दारू सौम्य केली हे खरे, पण मोजण्याची रीतही बदलली आहे. पूर्वीचा आकडा पावणेनऊ इंची नळीचा होता. १९७० नंतरच्या दशकात चार इंची नळीतून आणि चक्र व नळी यांमधील फटीतून निसटणारा वायू जमेस धरून मोजणी होऊ लागली. म्हणजे घट काही अंशी काडतुसात आहे, तर काही अंशी कागदावर.

त्यानंतर १९५५ साली .४४ मॅग्नम आणि २००३ साली .५०० मॅग्नम आले. या शेवटच्याची ऊर्जा तीन हजार ज्यूलहून अधिक आहे. मात्र त्यासाठी रिव्हॉल्वर पुन्हा दोन किलोंचे करावे लागले. दीडशे वर्षांत पोलाद बदलले, दारू बदलली, मनगट तेच राहिले. भारतात कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली काढलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर अर्ध्या किलोचे आहे, साहजिकच त्याचे.३२ बोअरचे काडतूस सौम्य, १८९६ साली निघालेल्या जातीचे आहे.

या साऱ्या इतिहासातील खरा धोका वेगळाच आहे. काडतुसाचे बळ बदलते, पण त्याचे बाह्य रूप बदलतेच असे नाही. .३५७ मॅग्नम आखताना पुंगळी सुमारे अष्टमांश इंचाने लांब ठेवण्यात आली. दारूला तेवढी जागा हवी होती म्हणून नव्हे, तर ते काडतूस जुन्या .३८ रिव्हॉल्वरच्या घरात शिरूच नये म्हणून. .४५ कोल्टला मात्र असे संरक्षण नाही. आधुनिक, बलवत्तर दारू भरलेले .४५ काडतूस १८७३ च्या धाटणीच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये सहज बसते आणि चाप ओढताच ते जुने चक्र धरणाऱ्याच्या हातातच फुटू शकते. वडिलोपार्जित शस्त्र बाळगणाऱ्याने म्हणूनच केवळ बोअर जुळला यावर विसंबू नये. पुंगळी घरात बसली म्हणजे त्या घराला ती मानवेलच, असे नाही.