विश्लेषण : खुर्ची जगप्रसिद्ध, मग ती घडवणारी अज्ञात का? युरोपीय डिझाइनमध्ये श्रेय कसे हरवले?

पुण्या-मुंबईतील एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या लॉबीत काळ्या चामड्याची, इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखे चकचकीत पोलादी पाय असलेली ऐसपैस खुर्ची अनेकांनी पाहिली असेल. ही ‘बार्सिलोना चेअर’ किंवा तिची नक्कल. ती कोणी डिझाइन केली हे इंटरनेटवर शोधले, तर बहुतेक ठिकाणी एकच नाव येते, जर्मन वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह. मात्र, ज्या प्रदर्शनासाठी ही खुर्ची तयार झाली, तेथील जर्मन विभागांची कलात्मक जबाबदारी दोघांवर होती. दुसरे नाव होते लिली राइख. विसाव्या शतकातील युरोपीय फॅशन आणि फर्निचरच्या इतिहासात असे दुसरे नाव अनेकदा गळालेले दिसते. ते का गळाले, कोणी ते टिकवले आणि त्याने आज प्रत्यक्षात काय फरक पडतो, याचा हा आढावा.

‘बार्सिलोना चेअर’ नेमकी कोणाची?

लिली राइख यांचा जन्म १८८५ मध्ये बर्लिनमध्ये झाला. त्यांची सुरुवात भरतकाम, कपडे आणि दुकानांच्या शोकेसच्या सजावटीपासून झाली. कलाकार आणि उद्योजकांना एकत्र आणणाऱ्या ‘डॉयचर वेर्कबुंड’ या जर्मन संस्थेच्या संचालक मंडळावर १९२० मध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत्या.

साधारण १९२५ नंतर त्या मीस यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२७ मध्ये बर्लिनमधील महिलांच्या फॅशनच्या प्रदर्शनात या दोघांनी एक कॅफे उभारला. त्यात विटांच्या भिंतींऐवजी पोलादी नळ्यांवरून सोडलेले मखमल आणि रेशमाचे पडदे होते. कापडाची ही जाण राइख यांच्याकडून आलेली होती. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, बार्सिलोना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील जर्मन दालन उभे राहिले. स्पेनचे राजे आणि राणी तेथे येणार म्हणून खास बैठक हवी होती. ती म्हणजे ही खुर्ची.

खुर्चीचा कोणता भाग कोणी सुचवला, याची नोंद सापडत नाही. अभ्यासक एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. मीस १९३८ मध्ये अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी प्रसिद्ध इमारती उभारल्या, पण या तोडीची नवी खुर्ची दिली नाही. हा पुरावा नव्हे, पण प्रश्न उपस्थित करण्यासाठी पुरेसा आहे.

राइख १९३९ मध्ये शिकागोला त्यांना भेटून बर्लिनला परतल्या. युद्धकाळात त्यांनी मीस यांचे आणि स्वतःचे हजारो आराखडे बर्लिनबाहेर हलवले. पुढे १९४३ मध्ये त्यांचा स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. राइख १९४७ मध्ये निवर्तल्या. वाचलेले आराखडे पुढे न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’कडे पोहोचले. त्याच संग्रहालयाने १९९६ मध्ये राइख यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. म्हणजे मीस यांच्या युरोपातील कामाचा मोठा दस्तऐवज ज्यांच्यामुळे टिकला, त्यांच्या स्वतःच्या कामाची दखल घ्यायला जवळपास अर्धे शतक गेले.

शार्लोट पेरियाँ यांना आधी नकार का मिळाला?

पॅरिसमधील शार्लोट पेरियाँ १९२७ मध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात नोकरी मागायला गेल्या. तेव्हा त्या जेमतेम २४ वर्षांच्या होत्या. इथे उशांवर भरतकाम केले जात नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांना परत पाठवण्यात आल्याचे त्यांनी पुढे सांगितले. त्याच वर्षी एका मोठ्या वार्षिक प्रदर्शनात पेरियाँ यांनी ‘छपराखालचा बार’ मांडला. लाकडाऐवजी निकेलचा मुलामा दिलेले तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि काच असे त्याचे स्वरूप होते. ते पाहिल्यावर त्याच कार्यालयाने त्यांना बोलावून घेतले. त्यांच्याकडे फर्निचर आणि घरातील अंतर्गत रचना सोपवण्यात आली.

पुढच्या दोन वर्षांत त्या कार्यालयातून वाकवलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या बाहेर पडल्या. त्यातील पाठ टेकून पहुडण्याची लांब खुर्ची आजही तयार होते. तिची रचना समजायला सोपी आहे. वरचा भाग म्हणजे शरीराच्या वळणाप्रमाणे वाकवलेली नळ्यांची चौकट. ती खालच्या स्टँडवर नुसती टेकलेली असते. चौकट पुढे-मागे सरकवली की बसण्याचा कोन बदलतो आणि घर्षणामुळे ती तिथेच थांबते. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही.

१९२९ च्या प्रदर्शनात हे फर्निचर ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनरे आणि पेरियाँ अशा तिघांच्या नावाने मांडले गेले होते. तरीही इटलीच्या कसिना कंपनीने १९६५ पासून त्याचे उत्पादन सुरू केल्यावर ते जगभर ‘एलसी’ मालिका म्हणून ओळखले गेले. ‘एलसी’ म्हणजे ल कॉर्बुझिए. तीन नावांतील एकच मॉडेलच्या क्रमांकात शिरले आणि ग्राहकाच्या तोंडी तेवढेच राहिले.

पेरियाँ १९३७ मध्ये त्या कार्यालयातून बाहेर पडल्या. १९४० मध्ये जपान सरकारच्या निमंत्रणावरून त्या तेथे गेल्या आणि पोलादाऐवजी बांबू वापरून त्याच खुर्चीची नवी आवृत्ती तयार केली. पुढे आल्प्समधील ‘लेझार्क’ या स्की-रिसॉर्टच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आयलीन ग्रे यांच्या घराचे काय झाले?

आयलीन ग्रे यांचा जन्म १८७८ मध्ये आयर्लंडमध्ये झाला. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्या लॅकरकाम शिकल्या. हे काम संयमाची परीक्षा पाहणारे. एकावर एक अनेक थर द्यायचे, प्रत्येक थर सुकू द्यायचा आणि घासायचा. त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांत जाक दुसे हे पॅरिसचे नामवंत फॅशन डिझायनर होते.

१९२६ ते १९२९ या काळात ग्रे यांनी दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी एक घर उभारले. त्याचे नाव ‘ई-१०२७’. यात ‘ई’ म्हणजे आयलीन, तर १०, २ आणि ७ हे वर्णमालेतील जे, बी आणि जी या अक्षरांचे क्रमांक. म्हणजे ग्रे यांच्या नावाच्या आद्याक्षरांमध्ये त्यांचे सहकारी व जोडीदार जाँ बादोविची यांची आद्याक्षरे. काच आणि पोलादाचे, उंची कमी-जास्त करता येणारे गोल टेबल याच घरासाठी तयार झाले. पलंगाच्या बाजूला सरकवून त्यावर नाश्त्याचा ट्रे ठेवता येतो.

जमीन मात्र बादोविची यांच्या नावावर होती. ग्रे तेथून निघून गेल्या. १९३८ पासून ल कॉर्बुझिए यांनी ग्रे यांना न विचारता त्या घराच्या भिंतींवर मोठी चित्रे रंगवली. ग्रे यांना हा प्रकार विध्वंस वाटला. पुढे ती चित्रेच घराची ओळख बनली आणि हे घर बादोविची किंवा थेट ल कॉर्बुझिए यांचे समजले जाऊ लागले. जीर्णोद्धारानंतर आता ते पाहण्यासाठी खुले आहे आणि ग्रे यांच्याच नावाने ओळखले जाते.

ग्रे यांना एका बाबतीत नशिबाने साथ दिली. त्या ९८ वर्षे जगल्या. १९७३ मध्ये, म्हणजे नव्वदी पार केल्यावर, त्यांनी लंडनचे व्यावसायिक झीव्ह आरम यांच्याशी आपल्या फर्निचरच्या पुनर्निर्मितीचा करार केला. १९७६ मध्ये त्या गेल्या. २००९ मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सेंट लॉरेंट यांच्या संग्रहाचा पॅरिसमध्ये लिलाव झाला. त्यात ग्रे यांची ‘ड्रॅगन’ खुर्ची २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. विसाव्या शतकातील फर्निचरसाठी तो विक्रम ठरला.

फॅशनच्या जगात चित्र वेगळे होते का?

फॅशनमध्ये नावाला आधीपासून किंमत होती, कारण कपड्याला लेबल असते. या लेबलचा सर्वांत चतुर वापर मादलेन व्हियोने यांनी केला. त्या वयाच्या अकराव्या वर्षी शिवणकामाला लागल्या. ग्रे यांचे ग्राहक असलेल्या जाक दुसे यांच्याकडेही त्यांनी नोकरी केली आणि १९१२ मध्ये स्वतःचे फॅशन हाउस काढले.

त्यांचे नाव झाले ते तिरक्या कापणीमुळे. आपल्याकडचे शिंपी याला ‘उरेब’ किंवा ‘क्रॉस’ म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी अशीच कापतात. विणलेले कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले, तर फारसे ताणले जात नाही. ४५ अंशांत ओढले की धाग्यांचे चौकोन तिरके होतात आणि कापड लवते. व्हियोने यांनी ही युक्ती पट्टीपुरती न ठेवता पूर्ण पोशाखासाठी वापरली. त्यामुळे कापड अंगावर सहज बसू लागले.

नकला रोखण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक पोशाखाला क्रमांक दिला. आरशांसमोर पोशाख उभा करून समोरून, बाजूने आणि मागून एकाच वेळी दिसेल असा फोटो काढून तो अल्बममध्ये लावला. आणि लेबलवर सहीसोबत स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवला. १९५२ मध्ये त्यांनी हे अल्बम आणि पोशाख पॅरिसमधील संग्रहासाठी दिले. आज व्हियोने यांच्या कामाबद्दल वाद होत नाही, त्यामागे या नोंदवह्या आहेत. अर्थात, त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या शेकडो महिलांची नावे त्या लेबलवर नाहीत.

श्रेय मिळाल्याने प्रत्यक्षात काय बदलते?

हा मुद्दा केवळ मानाचा नाही. युरोपीय संघात लेखक किंवा कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत कॉपीराइट टिकतो. एखादी वस्तू कलाकृती म्हणून मान्य झाली, तर फर्निचरलाही तो लागू होऊ शकतो. संयुक्त निर्मिती असेल तर ही ७० वर्षे सर्वांत शेवटी निधन झालेल्या निर्मात्यापासून मोजली जातात.

आता पेरियाँ यांच्या खुर्चीचा हिशेब करू. ल कॉर्बुझिए यांचे निधन १९६५ मध्ये झाले. खुर्ची एकट्या त्यांची मानली, तर संरक्षण २०३५ च्या अखेरीस संपते. जाँनरे १९६७ मध्ये गेले. त्यांना धरले तर २०३७. पेरियाँ यांना सहनिर्मात्या मानले, तर हीच मुदत थेट २०६९ च्या अखेरपर्यंत जाते. एका नावाने तीन दशकांहून अधिक काळाचे हक्क आणि त्यासोबतचे मानधन अवलंबून राहते.

राइख यांच्या बाबतीत मात्र गणित उलटे आहे. मीस यांचे निधन १९६९ चे, राइख यांचे १९४७ चे. त्यांचे नाव जोडल्याने मुदत एक दिवसानेही वाढत नाही. तेथे प्रश्न उरतो तो इतिहास नीट लिहिण्याचा.

भारताशी याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून ‘माणिकबाग’ हा महाल बांधून घेतला. त्या काळी युरोपातही नवे असलेले फर्निचर तेथे आले. त्यात ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची आणि पेरियाँ यांचा सहभाग असलेली लांब खुर्चीही होती. १९८० मध्ये या महालातील बऱ्याच वस्तूंचा मोनॅको येथे लिलाव झाला. महालात पुढे सरकारी कर कार्यालय आले.

दुसरा धागा चंडीगडचा. पिएर जाँनरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथे होते. सागवान आणि वेताच्या, उलट्या ‘व्ही’ आकाराच्या पायांच्या खुर्च्या शहरातील सरकारी कार्यालयांसाठी बनल्या. जुन्या झाल्यावर त्या भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. लिलावांच्या कॅटलॉगमध्ये बहुधा एकट्या जाँनरे यांचे नाव असते. उर्मिला युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचा आणि स्थानिक सुतारांचा वाटा मागे पडतो. पेरियाँ यांच्याबाबतीत पॅरिसमध्ये जे घडले, तेच इथे भारतीयांच्या बाबतीत घडले.

भारतीय कायद्यात काय तरतूद आहे?

डिझाइन्स कायदा, २००० नुसार नोंदणी केलेल्या डिझाइनला १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे, म्हणजे कमाल १५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी करता येण्याजोगे डिझाइन नोंदवलेच नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्यावरील कॉपीराइट संपतो. त्यामुळे युरोपात संरक्षण असलेल्या जुन्या खुर्चीची नक्कल भारतात रोखणे अवघड ठरू शकते. ब्रँडचे नाव वापरणे हा ट्रेडमार्कचा वेगळा विषय आहे.

नोकरी करणाऱ्या किंवा फ्रीलान्स काम घेणाऱ्या आजच्या तरुण डिझायनरसाठी यात एक व्यवहारी धडा आहे. राइख यांच्या वाट्याची नोंद नव्हती. पेरियाँ यांचे नाव प्रदर्शनात होते, पण मॉडेलच्या नावात नव्हते. ग्रे यांच्याकडे घराची कल्पना होती, सातबारा नव्हता. व्हियोने यांच्याकडे क्रमांक, फोटो आणि अंगठा होता. करारात श्रेयाची ओळ आहे का, स्केचवर तारीख आणि सही आहे का, डिझाइनची नोंदणी कोणाच्या नावाने होणार आहे, हे प्रश्न काम सुरू होण्याआधीच विचारलेले बरे. नंतर उत्तर मिळायला ५० वर्षेही लागतात.