‘आय वेन्ट’ म्हणजे गेलो की गेले?

हौस म्हणून मी सबटायटल्स लिहितो. परवा एका सिनेमात नायिका म्हणाली, ‘आय वेन्ट’. पुस्तकी मराठीत सरळ ‘मी गेले’.

पण तिला कोल्हापूरची करायची असेल तर? आमच्याकडं पुष्कळ पोरी, बायका ‘मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतात. मी ‘गेलो’च ठेवलं. पुण्याची मंडळी हसतील, हसू देत.

चेक भाषेतही असंच लिंग बघावं लागतं. पुरुष म्हणतो ‘शेल सेम’, बाई ‘श्ला सेम’. ‘यू’ला तिथंही तू-तुम्ही आहेच.

‘आय अ‍ॅम लीव्हिंग’? घरातून निघताना ‘येतो’. भांडून निघाला, तर ‘चाललो मी!’

अडलेलं वाक्य खाली टाका. कोण कुणाला म्हणतंय, तेवढं लिहा म्हणजे झालं.