नाताळची लायटिंग आणि शाळेतला कडुनिंब



डिसेंबर लागला की आता आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येही नाताळ साजरा होतो. कुणीतरी सांताची लाल टोपी आणतं, मुलं कापसाची दाढी लावतात. ख्रिसमस ट्री म्हणून सूचिपर्णी झाड आपल्या गोंदिया जिल्ह्यात कुठून आणणार? मग अंगणातल्या कडुनिंबाला, नाहीतर अशोकाला लायटिंगच्या माळा गुंडाळायच्या. संध्याकाळी बटण दाबलं की मुलांच्या तोंडून जो 'अय्याऽऽ' निघतो ना, त्यासाठी सगळी धडपड सार्थकी लागते. म्हणून आधीच सांगते, हा लेख लायटिंगच्या विरोधात नाही.

गेल्या वर्षी एका पालकांनी हौसेनं शाळेला चार माळा भेट दिल्या. मंडईत आणि लग्नात लायटिंग लावणारा एक पोरगा आला, शिडी लावली, चार-पाच खिळे ठोकले आणि खोडाला घट्ट गुंडाळून दिल्या. नाताळ झाला. एक तारीख झाली. "२६ जानेवारीला लागतीलच, राहू द्या." मग स्नेहसंमेलन. असं करत करत माळा फेब्रुवारीतही झाडावरच, आणि रात्रभर चालू, कारण बटण बंद करायचं काम नेमकं कुणाचं हे ठरलंच नव्हतं. तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रातभर लाइट असते, त झाडाले झोप येत असंल का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर काही देता आलं नाही.

उत्तराचं टोक सापडलं ते गावातल्या एका आजोबांकडे. ते म्हणाले, "लाइटाच्या खांबाखालचा धान मागंच रायते, मॅडम." बाकीची बांधी निसवते, पण खांबाजवळचा पट्टा हिरवाच. आपण धानाच्या जिल्ह्यात राहतो, तरी मी ही गोष्ट कधी नीट पाहिली नव्हती. तुम्ही पाहिली असेल तर वर्गात जरूर सांगा, कारण या धड्याचं मूळ तिथेच आहे.

त्याचं असं आहे. झाडाला डोळे नसतात, पण उजेड कळतो. पानांमध्ये एक रंगद्रव्य असतं, त्याला फायटोक्रोम म्हणतात. ते उजेडात एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात परततं. म्हणजे अंधार सलग किती वेळ होता याचा हिशेब झाडाकडे राहतो. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग छापले आणि दाखवून दिलं की झाड कधी फुलणार हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढच्या प्रयोगांत आणखी गंमत कळली. खरं मोजमाप दिवसाचं नसून रात्रीचं आहे. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ जरी दिवा लावला, तरी काही झाडं ती रात्र लांब म्हणून धरतच नाहीत.

आता आपला धान घ्या. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या जवळ जातो आणि डिसेंबरात पावणेअकरा तासांवर येतो. जुने भारी धान पावसाळ्यात कितीही वाढले तरी निसवतात ते दिवस लहान होऊ लागल्यावरच. रात्र लांबत चालली हा त्यांचा निरोप. खांबावरचा दिवा तो निरोप पोहोचूच देत नाही. आताच्या बऱ्याच सुधारित वाणांना याचा फारसा फरक पडत नाही, म्हणून हे सगळ्याच शेतात दिसेल असं नाही. जपानमध्ये मात्र रस्त्याच्या दिव्यांमुळे धान उशिरा निसवतो यावर बराच अभ्यास झालेला आहे.

धान झालं, पण झाडांचं काय? तिथेही असंच दिसलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅट्झके नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये नोंदवलं की रस्त्याच्या दिव्याजवळच्या काही झाडांची पानं इतर झाडांपेक्षा उशिरा गळतात. दिव्याकडच्या फांद्यांवर पानं तशीच आणि पलीकडच्या फांद्या मोकळ्या. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. माणसासारखी झोप झाडाला नसते, पण रात्र त्याला लागते.

किती उजेड म्हणजे जास्त, असं विचाराल. स्वच्छ पौर्णिमेचा उजेड साधारण पाव लक्स असतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक. रस्त्याच्या दिव्याखाली तोच दहा लक्सच्या आसपास, म्हणजे चांदण्याच्या चाळीस पट. आपली छोटी माळ एवढी प्रखर नसते. पण ती दूर खांबावरही नसते, पानाला चिकटून असते. माझं मत असं की आठ-दहा दिवस संध्याकाळचे तीन-चार तास माळ लावली तर झाडाचं काही बिघडत नाही. तीच माळ तीन महिने रात्रभर ठेवली तर ती सजावट राहत नाही.

शिवाय झाड एकटं नसतं. आमच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. माळा होत्या तोवर ती आम्हाला दिसली नाही. कारण लायटिंगच होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मुलांनी आपापसांत निकाल लावून टाकला होता. दिव्यांवर येणारे किडे तर सगळ्यांनीच पाहिले आहेत. निळसर पांढऱ्या दिव्यावर ते जास्त येतात, पिवळसर दिव्यावर कमी. मग पिवळी माळ घ्यावी का? किड्यांसाठी ते बरं, पण झाडातलं ते फायटोक्रोम लाल उजेडालाच जास्त ओळखतं आणि पिवळसर दिव्यात लाल भाग अधिक असतो. म्हणून रंगावर वाद घालण्यात अर्थ नाही. बटण वेळेवर बंद होणं महत्त्वाचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माळा काढल्या, तेव्हा खरं दुखणं दिसलं. वायर सालीत रुतली होती. एका ठिकाणी खोडावर बोट बसेल एवढी खाच पडली होती आणि खिळ्यांभोवती डिंक आला होता. पाचवीच्या मुलांना मी तिथेच, झाडाखाली, शिकवलं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या लगेच आत असतात, आणि पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या त्याच्याही आत, लाकडात. खोड दरवर्षी जाड होतं, वायर मात्र जाड होत नाही. वायर चारी बाजूंनी आवळली की आधी रसवाहिन्या दाबल्या जातात. पाणी चालू राहतं, झाड वरून हिरवं दिसतं आणि मुळं उपाशी राहतात. पुस्तकातली आकृती दहा वेळा काढून जे झालं नसतं, ते त्या खाचेनं पाच मिनिटांत केलं.

हा प्रश्न फक्त आपल्या शाळेचा नाही. मुंबईत सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्यारस्त्यांवरच्या झाडांना माळा गुंडाळल्या गेल्या होत्या. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयानं राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे व मीरा-भाईंदर महापालिकांना नोटीस काढली. त्यानंतर मुंबई महापालिकेनं झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे झाड तोडण्यातच धरलं आहे. आपल्या खेड्याला तो कायदा लागू नसेल, पण आपला कडुनिंब शहरातल्या कडुनिंबापेक्षा वेगळ्या मातीचा थोडाच आहे!

एक गंमत सांगते, मुलांना फार आवडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावात एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच झाडांना १९२० पासून नाताळात दिवे लावतात. ती झाडं कुठली? देवदार! आपल्या हिमालयातला देवदार. आणि वर्षही तेच, गार्नर-अ‍ॅलार्ड यांचा शोध छापला गेला ते.

यंदा काय करायचं यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. माळा देणारे पालक थोडे नाराज होते. "मॅडम, एवढ्या महागाच्या माळा दिल्या, त्या काय पेटीत ठेवायला?" त्यांचंही चूक नव्हतं. मी त्यांना झाडाजवळ नेलं आणि खाचेवर बोट ठेवायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः पक्कड घेऊन आले आणि राहिलेले दोन खिळे काढून दिले.

यंदा खिळा एकही नाही. माळा खोडाला गुंडाळायच्या नाहीत, फांद्यांवरून सैल सोडायच्या आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी बांधायच्या. २३ डिसेंबरला लावायच्या, २ जानेवारीला काढायच्या. २६ जानेवारीला हव्या असतील तर त्याच दिवशी पुन्हा लावू. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून सहा ते नऊ. बंद करण्याची जबाबदारी शेजारच्या घरच्या काकूंनी घेतली आहे.

आणि पालकांनो, विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. झाड ओलं असतं, डिसेंबरात पहाटे दव पडतं, मुलं अनवाणी असतात. जिथे वायरचा जोड नुसती टेप लावून केलाय ती माळ मुलांच्या हाताच्या उंचीवर नकोच. शक्यतो अ‍ॅडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टेजची, बाहेर वापरायची एलईडी माळ घ्या. प्लग छपराखाली ठेवा. शाळेच्या बोर्डात गळती झाली की वीज तोडणारा स्विच नसेल तर आधी तो बसवून घ्या, माळ नंतर.

वर्गासाठी एक सोपा उपक्रमही सुरू केलाय. मुलं छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळून खोडाचा घेर मोजतात आणि सुतळीला गाठ मारून ठेवतात. जूनमधली सुतळी डिसेंबरात पुन्हा लावून पाहिली तर दोन टोकांत बोटभर फट राहिली. ती सुतळी आम्ही फळ्याशेजारी टांगली आहे. खाच अजून तशीच आहे, पण तिच्या कडा थोड्या फुगून आत वळायला लागल्या आहेत.