हात मोकळे, मान ताठ : टॅबच्या स्टँडचा शिकवण्यातला उपयोग

कष्टकऱ्यांच्या घरातही आता टॅब आला आहे. कोणी तो हप्त्याने घेतला, कोणाला शिक्षणासाठी मिळाला, कोणाच्या थोरल्या भावाने पहिल्या पगारातून आणला. टॅब आला, पण तो ठेवायचा कशावर याचा विचार फार थोड्या घरांत झाला. मुले तो मांडीवर घेतात, उशीला टेकवतात, नाहीतर पिठाच्या डब्याला टेकवतात. संध्याकाळी वस्तीत शिकवणी घेणारी ताई एका हाताने टॅब धरते, दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहिते आणि मागची पोरे ओरडतात, "ताई, दिसत नाही!"

ही अडचण मोठ्या पैशाची नाही, मांडणीची आहे. हवा तसा वर-खाली होणारा आणि हवा तसा कलणारा एक साधा स्टँड असला, तर तोच टॅब फळ्याचे, चित्राच्या तक्त्याचे आणि प्रोजेक्टरचे थोडे थोडे काम करू लागतो. वाचक बंधू-भगिनींनो, म्हणूनच या छोट्या वस्तूची माहिती आज सविस्तर करून घेऊ.

मुलांकडे तोंड करून शिकवणे

फळ्यावर लिहिणाऱ्याला वर्गाकडे पाठ करावी लागते. तेवढ्यात कोणाचे लक्ष उडाले, कोणाला समजले नाही, हे त्याला कळत नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरने ही अडचण दूर केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तो वापरला आणि पुढे तो शाळा-महाविद्यालयांत पोहोचला. शिकवणारा काचेवर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर लिही, अक्षर मागच्या पडद्यावर उमटे आणि त्याचे तोंड मात्र विद्यार्थ्यांकडेच राही. स्टँडवर ठेवलेल्या टॅबचा खरा फायदा हाच आहे. यंत्र स्वतःच्या पायावर उभे राहते, शिकवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे होतात आणि नजर मुलांवर राहते.

५ ऑक्टोबर २०११ रोजी भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा सात इंची पडद्याचा स्वस्त टॅब आणला, तेव्हा सगळी चर्चा किमतीची झाली. तो टॅब वर्गात कसा धरायचा, कसा उभा करायचा, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचे महत्त्व कळले ते नऊ वर्षांनी, टाळेबंदीत.

हँगर आणि फ्रीजचा ट्रे

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांना घरातून शिकवावे लागले. जून २०२० मध्ये पुण्यातील रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेचे छायाचित्र देशभर गाजले. तिच्याजवळ फोन उभा करायला तिपाई नव्हती. तिने कपड्यांचा हँगर, कापडाच्या पट्ट्या आणि खुर्ची एवढ्या सामानावर फोन फळ्यासमोर टांगला आणि तास घेतला. त्याच वर्षी दुसऱ्या एका शिक्षिकेचे छायाचित्र आले. तिने फ्रीजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवला, त्यावर फोन ठेवला आणि खाली कागदावर लिहीत शिकवले. कॅमेरा वरून कागद पाहत होता आणि मुलांना घरी अक्षर दिसत होते.

या दोन युक्त्यांत स्टँडचे सगळे शास्त्र आले. यंत्र हलता कामा नये, योग्य उंचीवर हवे आणि हात मोकळे हवेत. बाजारातला स्टँड हेच काम करतो, फक्त जास्त भरवशाने.

तीन कामे, तीन मांडण्या

फिरवता येणाऱ्या स्टँडचा उपयोग असा की एकच वस्तू तीन कामांना लागते.

पहिले काम लिहिण्याचे. पडद्यावर बोटाने किंवा पेनने गणित सोडवून दाखवायचे असेल, तर टॅब जवळजवळ आडवा, मागची कड तीन-चार बोटे उचललेली ठेवावी. उभ्या टॅबवर लिहिताना हात लवकर दुखतो आणि प्रत्येक टेकवणीला टॅब मागे डुलतो.

दुसरे काम दाखवण्याचे. चित्र किंवा छोटी फिल्म दाखवताना टॅब जवळजवळ उभा करावा. फार मागे कलला तर छताची ट्यूबलाइट पडद्यात चमकते आणि पुढच्या ओळीतल्या मुलांना पडद्याऐवजी दिवाच दिसतो. पडद्याचा मध्य बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला यावा. जमिनीवर बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण दोन फुटांवर असतात. म्हणून टॅब खाली न ठेवता पत्र्याच्या पेटीवर किंवा स्टुलावर स्टँड ठेवून त्यावर बसवावा.

तिसरे काम वरून दाखवण्याचे. यासाठी लांब हाताचा स्टँड लागतो. त्याचा चिमटा टेबलाच्या कडेला घट्ट बसवायचा आणि टॅब कागदाच्या वर आडवा धरायचा. मागचा कॅमेरा कागदाकडे असावा. एक ते दीड फूट उंचीवरून वहीचे पूर्ण पान दिसते. पुढचा कॅमेरा वापरू नये, कारण आपल्याला आपले अक्षर आरशातल्यासारखे उलटे दिसते आणि गोंधळ होतो. ऑनलाइन शिकवणीत, शिवणकामातील टाका दाखवताना किंवा विज्ञानाचा प्रयोग करताना ही मांडणी फार उपयोगी पडते.

किती मुलांना दिसेल?

येथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. डोळे तपासायच्या तक्त्याचा हिशोब असा की निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम वाचता येते. म्हणजे ३ मीटरवरून, अर्थात दहा फुटांवरून, साडेचार मिलिमीटरचे. पण जेमतेम दिसणे म्हणजे अभ्यास नव्हे. सुखाने वाचायचे तर अक्षर त्याच्या दुप्पट, म्हणजे एक सेंटिमीटर हवे. दहा इंची टॅब आडवा धरला तर पडद्याची उंची तेरा-चौदा सेंटिमीटर भरते. मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यांची जागा धरली तर एका पडद्यावर पाच-सहा ओळीच मावतात.

याचा अर्थ सरळ आहे. दहा-बारा मुले, तीन ओळींत, दहा फुटांच्या आत बसली असतील तर टॅब पुरतो. तीस मुलांसाठी खडू-फळाच बरा, तो स्वस्तही आहे. मोठ्या गटाला दाखवायचेच असेल तर समाजमंदिरातल्या किंवा कोणाच्या घरातल्या स्मार्ट टीव्हीवर टॅबचे चित्र पाठवता येते. त्यासाठी टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. घरात वायफाय नसेल तर फोनच्या हॉटस्पॉटवरही काम होते. अशा वेळी स्टँडवरचा टॅब लिहिण्याची पाटी होतो आणि टीव्ही फळा होतो.

मानेचा हिशोब

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक गणित मांडले. मान ताठ असताना मणक्यावर जो पाच किलोचा भार असतो, तो मान १५ अंशांनी वाकवली तर १२ किलो, ३० अंशांनी १८ किलो आणि ६० अंशांनी २७ किलोपर्यंत जातो. हा कागदावरचा हिशोब आहे, पण मांडीवरच्या टॅबकडे दोन तास पाहून उठणाऱ्या मुलाची मान तोच हिशोब सांगते. टॅब उचलून डोळ्यांच्या पातळीजवळ आणला की वाक कमी होतो. आपली मुले आधीच जमिनीवर बसून, अपुऱ्या उजेडात अभ्यास करतात. त्यांना एवढा आराम मिळालाच पाहिजे.

स्टँड घेताना काय पाहावे?

दुकानात प्लास्टिकचे घडीचे स्टँड शे-दोनशे रुपयांपासून मिळतात, दोन बिजागऱ्यांचे धातूचे त्याहून महाग असतात. किंमत विचारण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

वजन : दहा इंची टॅब अर्धा किलोच्या आसपास भरतो, कव्हरसह आणखी जास्त. फोनसाठी केलेला हलका स्टँड त्याखाली उलटतो. आपला टॅब सोबत नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहावा.

बूड : टॅबचा भार बुडाच्या बाहेर गेला की स्टँड पडतो. जितका उंच करायचा, तितके बूड रुंद आणि जड हवे.

बिजागरी : टॅब ठेवून वरच्या कडेला बोटाने हलके दाबावे. स्टँड हळूहळू खाली बसत असेल तर घेऊ नये. बिजागरीला स्क्रू असेल तर उत्तम, सैल झाल्यावर घरी आवळता येतो.

रबर : पुढच्या आकड्यांवर, पाठीवर आणि बुडाखाली रबरी पट्टी हवी. फरशीवर घसरणारा स्टँड कामाचा नाही.

लवचीक नळीचा स्टँड दिसायला छान, पण जड टॅबखाली नळी वाकते आणि पडद्याला बोट लावले की सगळे थरथरते. तो पाहण्यासाठी चालेल, लिहिण्यासाठी नाही.

पैसे नसतील तर अडून राहू नका. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याचा तिरका कोपरा कापून समोर पट्टी चिकटवली तर पाहण्यापुरता स्टँड होतो. ताटल्या उभ्या ठेवायच्या स्टीलच्या रॅकमध्येही टॅब छान उभा राहतो. वस्तीतल्या सुतारकाम करणाऱ्या भावाला सांगितले तर फळीच्या तुकड्याला दोन खाचा पाडून तो दोन कलांचा स्टँड करून देईल. मात्र चार्जिंगची वायर, आवाजाची जाळी आणि कॅमेरा झाकला जाणार नाही, एवढे पाहावे.

चारजणांपुढे बोलताना

आता आपल्या मुली-मुलांना महाविद्यालयात प्रकल्प सादर करावे लागतात. बचत गटाच्या बैठकीत हिशोब दाखवावा लागतो. आशाताईंना बायकांना बाळाच्या लसीकरणाची माहिती चित्रांसह द्यावी लागते. टॅब छातीशी धरून बोलणारी व्यक्ती नकळत मान खाली घालते, आवाजही खाली जातो आणि ऐकणाऱ्यांना वाटते, हिला येत नाही. तिला सगळे येत असते. अडचण हातातल्या ओझ्याची असते.

म्हणून टॅब स्टँडवर, पडदा श्रोत्यांकडे, आणि आपण त्याच्या मागे नव्हे तर शेजारी उभे राहावे. मुद्दे हातातल्या छोट्या कागदावर लिहून ठेवावेत. पडद्यावर एका वेळी एकच चित्र किंवा चार ओळी असाव्यात. दाखवायचे तेथे पेन्सिलीने दाखवावे आणि बोलताना माणसांकडे पाहावे. सुरू करण्याआधी चार्जिंग पाहावे, पडदा आपोआप फिरणे आणि विझणे बंद करावे, येणारे संदेश बंद ठेवावेत. आदल्या दिवशी घरी आईवडिलांना समोर बसवून एकदा सगळे बोलून पाहावे. त्यांना मागून दिसले आणि समजले, तर परीक्षकांनाही समजेल.

स्टँडने कोणी चांगला शिक्षक होत नाही, हे खरे. तयारी, जिव्हाळा आणि वेळ आपल्यालाच द्यावा लागतो. पण जी ताई दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना शिकवते, तिचा एक हात यंत्र धरण्यात का गुंतावा? प्रत्येक घराने स्वतंत्र स्टँड घ्यावा असेही नाही. पाच घरांनी वर्गणी काढून शिकवणीच्या जागी एक भक्कम स्टँड आणावा, त्याची नोंद वहीत ठेवावी आणि परीक्षेच्या दिवसांत ज्याला गरज असेल त्याला तो न्यायला द्यावा. मागच्या ओळीतले मूल 'दिसले' म्हणाले, की ती वर्गणी वसूल झाली असे समजावे.