हौदातल्या पाण्याला गोळी की द्रव क्लोरीन?

गोदावरीकाठच्या गंगाखेडसारख्या गावात क्लोरीन लागते ते मुख्यतः पिण्याच्या पाण्याला. ग्रामपंचायती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतात. घरात मात्र निवड गोळी आणि द्रव क्लोरीन यांत असते.

द्रव क्लोरीन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते पाण्यात लगेच मिसळते, थेंबांनी मोजता येते. पण उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर ओसरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली महिनोन्‌महिने पडलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. कोरडी, बंद पाकिटातली गोळी जास्त टिकते आणि मात्रा ठरलेली असल्याने अंदाजपंचे कारभार टळतो. एक सावधगिरी हवीच: पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या पिण्याच्या पाण्यात टाकायच्या नाहीत.

पाणी गढूळ असेल तर दोन्ही निष्प्रभ ठरतात, कारण क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय द्रव्यातच खर्ची पडते. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, मग वेष्टनावरील मात्रेने क्लोरीन घालून किमान 30 मिनिटे थांबावे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. भारतीय मानकानुसार ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावे.